कॉलेजचे पहिले वर्ष आणि शस्त्रक्रियेची तयारी

बारावीचा निकाल लागला की घरात फी, वसतिगृह आणि शाखा यांची चर्चा सुरू होते. काही घरांत याच दिवसांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. जन्मदाखल्यावर 'मुलगा' अशी नोंद असलेले मूल स्वतःला मुलगी मानत असते किंवा मुलगी म्हणून वाढलेले मूल मुलगा. अशा सर्वच पारलिंगी मुलांना शस्त्रक्रिया हवी असते असे नाही. ज्यांना हवी असते, त्यांना अठरावे सरताच घाई होते. आईवडील म्हणतात, 'आधी शिक्षण, मग बघू.' वाद विकोपाला गेला, तर मुलाचे कॉलेजही सुटते आणि घरही.

खरे पाहता शिक्षण आणि शस्त्रक्रिया एकमेकांच्या आड येत नाहीत. फक्त कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे नीट ठरवावे लागते.

निर्णय कोणाचा?

२०१२ साली गुवाहाटीच्या २१ वर्षांच्या बिधान बरुआ यांची मुंबईत ठरलेली शस्त्रक्रिया पालकांच्या विरोधामुळे अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सज्ञान व्यक्तीला अशा शस्त्रक्रियेपासून रोखणारा कोणताही कायदा नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे २०१८ मध्ये याच स्वाती बिधान बरुआ गुवाहाटीत लोकअदालतीच्या न्यायाधीश झाल्या.

आधी डॉक्टर

शस्त्रक्रियेची तारीख ही शेवटची पायरी. सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून होते. मुलाला 'बरे' करणे हे त्याचे काम नव्हे. निर्णय समजून-उमजून घेतला आहे ना, हे तो पाहतो आणि तसा लेखी अभिप्राय देतो. हार्मोन्स ग्रंथितज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत, मित्रांच्या सल्ल्याने दुकानातून आणून कधीही नव्हे. इस्ट्रोजेन घेणाऱ्याने धूम्रपान केल्यास रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. पुढे स्वतःचे मूल हवे असेल, तर बीजांडे किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी हार्मोन्स सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

नाव एकच हवे

गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि कॉलेजच्या हजेरीपटावर तिसरे, असे झाले की शिष्यवृत्तीपासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सगळे अडते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची सोय केली. अर्जाचे सध्याचे नियम जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत आणि हे काम शक्यतो प्रवेशापूर्वीच सुरू करावे.

वसतिगृहाची चौकशीही आधीच करावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१८ मध्ये सर्व लिंगओळखींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. सगळीकडे अशी सोय नसते. तेव्हा स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह यांबद्दल प्राचार्यांशी स्पष्ट बोललेले बरे.

सुट्टीचे गणित

छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलता येत नाहीत. जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांती आणि काळजी याहून अधिक काळ लागते. अनेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी सक्तीची असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपेक्षा उन्हाळ्याची सुट्टी बरी. पहिले वर्ष तपासण्या, हार्मोन्स, कागदपत्रे आणि पैशांची तजवीज यांत घालवून शस्त्रक्रिया त्यानंतरच्या सुट्टीत ठेवली, तर वर्ष वाया जात नाही. खर्चाचा लेखी अंदाज आधी घ्यावा. सरकारी रुग्णालयातही चौकशी करावी. तमिळनाडू सरकारने २००९ मध्येच सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत केली होती.

आईवडिलांनी काय करावे?

डॉक्टरांकडे मुलाबरोबर जावे. मनातल्या शंका मुलाला नव्हे, डॉक्टरांना विचाराव्यात. मूल ज्या नावाने हाक मारायला सांगते, त्याच नावाने हाक मारावी. सुरुवातीला जुने नाव तोंडी येईल, पण हळूहळू सवय होते. शस्त्रक्रियेनंतर औषध देणारे, जेवण भरवणारे आणि रात्री उशाशी बसणारे कोणी तरी लागतेच. ते घरचेच माणूस असेल, तर मूल लवकर उभे राहते आणि वेळेवर वर्गात परतते.