पांढरा पळस आणि पुरलेलं सोनं

फाल्गुन लागला की उमरेड-भिवापूरच्या वाटेवर बांधाबांधाला पळस फुललेला असतो. त्यात एखादा पांढरा निघाला, की त्याचे दिवस भरले म्हणायचे. आधी पेपरात फोटो, मग बुंध्याशी लिंबू-कुंकू, मग रात्री मुळ्या खणून नेणारे. कारण विदर्भात समजूत पक्की आहे: पांढऱ्या पळसाखाली धन असतं, आणि नसलं तरी त्याची मुळी ते दाखवते.

पांढरा पळस ही वेगळी दैवी जात नव्हे. नेहमीच्याच पळसाचा तो रंग न धरलेला प्रकार. केशरी रंग देणारी द्रव्यं आनुवंशिक फरकामुळे पाकळीत तयार होत नाहीत, एवढंच. पिवळ्या फुलांचा पळसही असतो, पण त्याच्या वाट्याला एवढा मान येत नाही, म्हणून बिचारा जरा सुखात असतो. जमिनीखाली काय आहे, याच्याशी फुलाच्या रंगाचं देणंघेणं नाही.

मग झाडाला सोनं कळतच नाही का? इथे मात्र सरसकट ‘भंपकपणा’ म्हणून मोकळं होता येत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या मेल लिंटर्न आणि सहकाऱ्यांनी काल्गुर्लीच्या परिसरातल्या निलगिरीच्या पानांत सोन्याचे कण दाखवून दिले. खनिजाचा थर तीसेक मीटर खाली होता. दुष्काळी मुलखात पाण्यासाठी खोल गेलेल्या मुळांनी पाण्याबरोबर सोनंही वर ओढलं, आणि नकोशी वस्तू म्हणून झाडानं ते पानांत सारलं. पण ते किती? कण केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढे, आणि सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखेरीज ते दिसत नाहीत. असल्या साठ्यावर वाढलेल्या पाचशे झाडांतलं सोनं गोळा केलं तर जेमतेम एक अंगठी होईल, असा संशोधकांचाच हिशेब. झाडाचा आकार, रंग, फुलोरा यांत काहीच फरक नव्हता. खूण होती ती प्रयोगशाळेतल्या आकड्यात.

खरी गल्लत होते ती इथेच. खडकातलं सोनं आणि कुणी पुरलेला हंडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खडकातलं सोनं लाखो वर्षांत पाणी आणि जिवाणूंच्या करणीनं इंचाइंचानं आजूबाजूच्या मातीत पसरतं. त्याच्या सोबतीला आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ असतात. सोन्यापेक्षा या सोबत्यांचा माग काढणं सोपं, म्हणून भूशास्त्रज्ञ आधी तेच मोजतात. हंड्यातल्या मोहरा दोन-तीनशे वर्षं पडून राहिल्या तरी साध्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून तर जुनी मोहर मातीतून निघते तेव्हा पिवळीधमक असते. जे विरघळलंच नाही, ते मूळ ओढणार कुठून?

गंमत म्हणजे नागपूर जिल्ह्यात सोन्याच्या खुणा खरोखरच आहेत. भिवापुरी मिरचीच्या पट्ट्यात, परसोडीच्या बाजूला, साकोली गटाच्या प्राचीन खडकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोनं आढळलं आहे. या खात्याच्या मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवरच. त्यांची पद्धत रटाळ आहे: नाल्यातला गाळ गोळा करायचा, मातीचे नमुने चौकटी आखून घ्यायचे, चर खणायचे, मग ड्रिलनं खडकाचा गाभा काढायचा. टनभर दगडात ग्रॅम-दोन ग्रॅम मिळालं तरी त्यांचे डोळे चमकतात. अमावास्येची वाट कुणी बघत नाही.

वारुळाचंही असंच. सोन्याच्या साठ्यावरच्या वारुळांच्या मातीत सोन्याचा अंश सापडल्याचं ऑस्ट्रेलियातच नोंदलं गेलं आहे, कारण वाळवी खालची माती वर आणते. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं यांवरून जमिनीतलं पाणी कसं ओळखावं, ते सविस्तर लिहिलं. तेही मुख्यतः पाणी, हंडा नव्हे. वारुळातला नाग धनाची राखण करत नसतो. वाळवीनं बांधलेलं आयतं घर त्याला मिळालेलं असतं.

नाल्यात चकाकणारा पिवळा खडा सापडला, तर त्याच्यावर हातोडी मारा. सोनं चेपतं, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइटचा भुगा होतो. बिनचकाकीच्या फरशीवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची काळपट. अभ्रक तर नखानंच पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतं.

लिंटर्न यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा गावी एका साधूच्या स्वप्नावरून पुरातत्त्व खातं हजार टन सोन्यासाठी खणत होतं. खापरं निघाली, सोनं नाही. तिथे निदान कुणाचा जीव गेला नाही. मराठवाड्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात पिंपळावरच्या मुंज्याला प्रसन्न करून धन मिळवण्यासाठी बायका-मुलींचे बळी दिले गेले, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. धनाच्या आशेनं पायाळू पोराच्या डोळ्यांत अंजन घालणं, मांडूळ साप विकत घेणं हे प्रकार अजून थांबलेले नाहीत. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य केलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि नांगराला खरोखरच हंडा लागला तर? 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणी मालक निघाला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जागेच्या मालकाचा. मांत्रिकाचा हिस्सा त्यात नाही.