एटापल्लीच्या हवेतले द्रावक

गडचिरोलीतल्या एटापल्लीत प्रदूषणाचा विषय निघाला की बोट सुरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्याकडे जाते. खनिजाचे ट्रक, लाल धूळ. धूळ निदान दिसते आणि पाऊस पडला की बसते. त्याच हवेतले कार्बन टेट्राक्लोराइड ना दिसते, ना पावसाने धुतले जाते. एकेकाळी ड्रायक्लीनिंगपासून अग्निशामकापर्यंत सगळीकडे चाललेले हे द्रावक जगभरच्या हवेत मिसळून सागवान-बांबूच्या या रानावरही पसरले आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1971-72 मध्ये जहाजावरून अटलांटिकभर ते मोजले, तेव्हा भर समुद्रातही ते सापडले.

1990 च्या सुमारास हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे साधारण 105 रेणू होते. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानंतर ते घटू लागले, पण इतक्या वर्षांत जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास आले. धातूवरचे ग्रीस काढणारे मिथाइल क्लोरोफॉर्म (कचेरीतल्या जुन्या व्हाइटनरमध्येही तेच असे) मात्र 130 वरून दोनच्याही खाली उतरले.

हा फरक पडतो हायड्रॉक्सिलमुळे. ऊन, ओझोन आणि बाष्प यांतून तयार होणारा हा क्षणजीवी रेणू मिथाइल क्लोरोफॉर्मला सरासरी पाच वर्षांत फोडतो. दमट आणि रणरणत्या उष्ण कटिबंधात तो सर्वाधिक तयार होतो, आणि एटापल्ली विसाव्या अक्षांशाच्या जरा खालीच आहे. म्हणजे परदेशी कारखान्यांची घाण निस्तरण्यात या आभाळाचाही वाटा, त्याचे श्रेय कुणी दिलेले नसले तरी! कार्बन टेट्राक्लोराइडला हायड्रॉक्सिल जवळपास शिवतच नाही. ते वर ओझोनच्या थरापर्यंत चढते तेव्हाच अतिनील किरणांनी तुटते. शिवाय त्याची गळती अजून सुरू आहे.

आता चिंता डायक्लोरोमिथेनची. औषधनिर्मितीत आणि रंग खरवडायला वापरले जाणारे हे द्रावक सुमारे सहा महिन्यांत नष्ट होते, म्हणून करारात त्याचे नावच नाही. या शतकात जगाच्या हवेत ते साधारण दुप्पट झाले. 2016 च्या पावसाळ्यात उत्तर भारतावरून विमान उडवून केलेल्या मोजणीत भारताचे उत्सर्जन वर्षाला सुमारे 96 हजार टन निघाले. 2008 च्या अंदाजाच्या जवळपास पाचपट. मोजणीचा हंगामही महत्त्वाचाच. एरवी वाटेत संपणारा हा वायू मान्सूनचे उंच ढग थेट पंधरा-सोळा किलोमीटरवर नेऊन सोडतात, आणि तिथून ओझोनचा थर फार दूर नसतो.