लघुकार्यालयातील बिनतारी संगणकजाल : उभारणी व सुरक्षितता

जवाहरलाल नेहरू बंदराच्या परिसरातील जासईसारख्या गावी, मालवाहतुकीच्या लघुकार्यालयात बिनतारी संगणकजाल उभारताना प्रथम राउटरचे स्थान निश्चित करावे लागते. जाड भिंती व पोलादी कंटेनर लहरींना अडवितात. म्हणून राउटर मध्यभागी व उंचावर असणे इष्ट होय. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील 1, 6 व 11 ही चॅनेल परस्परांत मिसळत नाहीत. त्यांपैकी कमी वर्दळीचे निवडावे.

मात्र लहरी कार्यालयाबाहेरही पोहोचतात. 26 जुलै 2008 च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांपूर्वीचा ई-मेल सानपाडा येथील एका असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेला आणि संशय प्रथम जोडणीधारकावर आला. यास्तव राउटरचा मूळ परवलीचा शब्द बदलणे, डब्ल्यूपीए2 वा डब्ल्यूपीए3 कूटलेखन योजणे व अभ्यागतांसाठी स्वतंत्र जाल ठेवणे अगत्याचे ठरते.