नोंदीतील दोष, इंजिनातील दोष: लॅपटॉपवरील इंजिन-नोंदींच्या चार दशकांचा मागोवा

इंजिन चालू असताना त्यात किती हवा शिरते, किती इंधन फवारले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी किती अंश आधी पडते, याचे आकडे नियंत्रक संगणकाकडून, म्हणजे ई.सी.यू.कडून, घेऊन ते लॅपटॉपवर ओळीने साठवण्याच्या पद्धतीला डेटा लॉगिंग म्हणतात. या पद्धतीचा इतिहास बहुधा वेगाच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. परंतु तिच्यात कोणते बिघाड होत गेले, ते कसे शोधले गेले आणि एक मिटल्यावर दुसरा कोठे उद्भवला, या वाटेने पाहिले असता तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. जोडणी तुटून नोंद थांबली तर ते ताबडतोब कळते; मात्र नोंद अखंड चालू राहिली आणि तिच्यात शिळे, उशिरा आलेले किंवा विजेच्या गोंगाटाने ढळलेले आकडे भरत गेले, तर त्यांवर विसंबणारा मेकॅनिक निर्दोष इंजिनात फेरफार करून बसतो. या दुसऱ्या प्रकारच्या दोषाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही.

अमेरिकेत जनरल मोटर्सने 1981 च्या सुमारास आपल्या पेट्रोल मोटारींत संगणकीय नियंत्रण मोठ्या प्रमाणावर आणले आणि त्यासोबत ‘असेंब्ली लाइन डायग्नॉस्टिक लिंक’ हा जोड दिला. नावाप्रमाणे तो कारखान्यातील तपासणीसाठी होता, त्यामुळे त्यातून बाहेर पडणारी माहिती कोणी धावत्या गाडीत साठवील ही कल्पना त्याच्या रचनेत नव्हती. सुरुवातीच्या प्रकारात माहिती सेकंदाला केवळ 160 बिट या वेगाने येई, आणि शून्य की एक हे स्पंदाच्या लांबीवरून ठरे, म्हणून संगणकाच्या साध्या सीरियल पोर्टला ती सरळ वाचता येत नसे. आकड्यांचा एक पूर्ण संच उतरायला सेकंदाहून अधिक वेळ लागे. पुढच्या प्रकारात वेग 8192 बिट झाला. तो संगणकाच्या ठरावीक वेगांत बसत नव्हता, पण सीरियल चिपचा 1,15,200 हा मूळ वेग 14 ने भागला की 8229 च्या जवळपासचा आकडा मिळतो आणि अर्ध्या टक्क्याहून कमी असलेली ही तफावत चिपला चालून जाते. पुढे यू.एस.बी. कन्व्हर्टर आल्यावर काहींना हा आडनिडा वेग लावता येईना, आणि जुन्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारी केबल नव्या लॅपटॉपवर निकामी ठरू लागली. वरकरणी गाडीत दिसणारा दोष तेथे कन्व्हर्टरच्या वेगात होता.

कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने 1988 च्या मॉडेलपासून गाडीतच प्रदूषण-नियंत्रणाची स्वयंतपासणी असावी असे बंधन घातले आणि 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ‘ओ.बी.डी. दोन’ ही समान पद्धत लागू झाली. 16 पिनांचा सॉकेट सर्वत्र एकच झाला, परंतु त्यामागची बोली एक झाली नाही: फोर्ड एका पद्धतीने, जनरल मोटर्स दुसऱ्या पद्धतीने, तर क्रायस्लर आणि बहुतेक युरोपीय व आशियाई कंपन्या आय.एस.ओ. 9141-2 या तिसऱ्या पद्धतीने बोलत. जोडणी न होण्याची पुष्कळशी प्रकरणे या विविधतेतून उद्भवली. काही तर त्याहून साधी होती, कारण अनेक मोटारींत या सॉकेटच्या 16 क्रमांकाच्या पिनेला मिळणारी वीज सिगारेट लायटरच्याच फ्यूजमधून येते आणि तो फ्यूज गेला की केबल, सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप तिन्ही बदलूनही काही साधत नाही. 16 आणि 4 या पिनांमध्ये मल्टिमीटरने बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो का, हे आधी पाहण्याची शिस्त यातून रूढ झाली.

या पद्धतीतील वेळेचा प्रश्न मात्र मल्टिमीटरने सुटणारा नव्हता. आय.एस.ओ. 9141-2 मध्ये संवाद सुरू करण्यासाठी पत्ता सेकंदाला 5 बिट या गतीने पाठवावा लागतो, म्हणजे नुसत्या हाकेलाच 2 सेकंद जातात. नंतर प्रत्येक उत्तरानंतर किमान 55 मिलिसेकंद थांबूनच पुढचा प्रश्न विचारता येतो. प्रश्न, उत्तर आणि विश्रांती मिळून एका आकड्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग धरला, तर इंजिनाचा वेग, थ्रॉटल, हवेचा दाब, तापमान, ठिणगीचा कोन आणि लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण) असे 6 आकडे मागणाऱ्याला प्रत्येक आकडा 0.6 सेकंदांनी एकदा मिळतो. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात तेवढ्या वेळात एकेका सिलिंडरमध्ये 30 वेळा ज्वलन होऊन गेलेले असते. शिवाय हे सहा आकडे एकामागून एक आलेले असतात. सॉफ्टवेअर ते एकाच ओळीत, एकाच वेळेच्या शिक्क्याखाली मांडते, आणि वाचणारा ते एकाच क्षणाचे आहेत असे समजतो. थ्रॉटल झटकन उघडताच मिश्रण अर्धा सेकंद पातळ झाले असे आलेखावरून वाटते, तेव्हा त्यातला काही भाग क्रमाने विचारण्यातून आलेला, काही भाग निकास वायू लॅम्डा सेन्सरपर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वेळेचा आणि उरलेला, असलाच तर, खरा असतो. ज्यांनी हे ओळखले त्यांनी मागणीची यादी छाटून दोन-तीन आकड्यांवर आणली, आणि या काळातील सर्वांत उपयुक्त दुरुस्ती हीच म्हणावी लागेल, कारण तिला कोणतेही उपकरण लागले नाही.

ब्रूस बाऊलिंग आणि अल ग्रिपो यांनी 2001 मध्ये मेगास्क्वर्ट हा स्वतः जुळवून बसवण्याचा नियंत्रक उपलब्ध केल्यावर हौशी मंडळींच्या गाड्यांत लॅपटॉप कायमचा आला. त्याच दशकात लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट नाहीसा होत गेला आणि यू.एस.बी. कन्व्हर्टर अपरिहार्य झाला. दोष शोधण्याची एक सुंदर रीत या टप्प्यावर रुळली: केबल नियंत्रकापासून सोडवायची, तिच्या टोकाच्या 2 आणि 3 या पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अक्षरे टंकायची. ती पडद्यावर परत उमटली तर लॅपटॉप, ड्रायव्हर, कन्व्हर्टर आणि केबल हे चारही घटक एकदम संशयातून मुक्त होतात. न उमटल्यास गाडीकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. कन्व्हर्टर दुसऱ्या यू.एस.बी. छिद्रात लावल्याने पोर्टचा क्रमांक बदलणे, वीज वाचवण्यासाठी विंडोजने ते छिद्र झोपवणे, या कटकटी याच प्रकारातल्या. एफ.टी.डी.आय. चिपमध्ये थोडीशी माहिती आली तर ती 16 मिलिसेकंद रोखून धरण्याची मूळ मांडणी असते, म्हणून छोट्या प्रश्नोत्तरांची नोंद विनाकारण मंदावते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये तो काळ 1 मिलिसेकंद केला की वेग लक्षणीय वाढतो. याच कंपनीने 2014 मध्ये दिलेल्या ड्रायव्हरने नकली चिपची ओळख पुसून ती बिनकामाची केली, तेव्हा आपल्या केबलमधील चिप कोणाची आहे हे अनेकांना प्रथमच कळले. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

विजेचा गोंगाट हा दोष मात्र कोणत्याही दशकात संपलेला नाही. विशिष्ट फेऱ्यांच्या वर जोडणी तुटत असेल तर संशय इग्निशनवर जातो, कारण रोधकाविना असलेले स्पार्क प्लग किंवा उघड्या धातूच्या गाभ्याच्या प्लग-वायरी रेडिओ लहरी फेकतात आणि यू.एस.बी. केबल त्या झेलते; खड्ड्यांवर तुटत असेल तर कनेक्टरवर; लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर लावल्यानंतरच तुटत असेल तर अर्थिंगच्या दुहेरी वाटेवर, जिला ग्राउंड लूप म्हणतात. अधिक घातक प्रकार असा की जोडणी शाबूत राहते आणि आकडा सरकतो. रुंद पल्ल्याच्या लॅम्डा नियंत्रकाचा 0 ते 5 व्होल्टचा संकेत हवा-इंधन गुणोत्तराच्या सुमारे 15 एककांना व्यापतो असे धरले, तर नियंत्रकाची अर्थ-वायर पत्र्याला आणि ई.सी.यू.ची इंजिनाला जोडल्यामुळे पडणारा 0.1 व्होल्टचा फरकसुद्धा 0.3 एककांची चूक घडवतो. पूर्ण भारावर चालणाऱ्या टर्बो इंजिनासाठी ती क्षुल्लक नाही. इंजिन बंद, चावी चालू ठेवून नोंद घ्यायची आणि हेडलाइट व पंखा लावताच आकडे हलतात का ते पाहायचे, ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि तरीही ती क्वचितच केली जाते. त्याच वेळी मॅनिफोल्ड दाबाचा सेन्सर स्थानिक वातावरणीय दाब दाखवतो का हेही तपासता येते. समुद्रसपाटीवरील मुंबईत तो 100 किलोपास्कलच्या आसपास, तर सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात 95 च्या आसपास असावा, म्हणून पुण्यात 95 पाहून सेन्सर बदलणे हा निव्वळ अपव्यय होय.

भारतात ओ.बी.डी.चा पहिला टप्पा भारत स्टेज चारच्या प्रदूषण-निकषांसोबत एप्रिल 2010 मध्ये आणि दुसरा एप्रिल 2013 मध्ये आला. त्याआधीच, 2005 मध्ये, कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने सर्व ओ.बी.डी. बोलींचा साध्या अक्षरांत अनुवाद करणारी ई.एल.एम. 327 ही चिप काढली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीतील प्रोग्रॅमला नकलेपासून संरक्षण नव्हते. त्यातून स्वस्त नकलांचा पूर आला. अनेक नकला स्वतःला 1.5 आवृत्ती म्हणवतात, वास्तविक मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती काढलीच नाही. अशा अडॅप्टरला काही आज्ञा समजत नाहीत, लांब उत्तरे अर्धवट येतात आणि सॉफ्टवेअर कधी मागचाच आकडा पुन्हा छापते. सलग अनेक ओळींत सर्व दशांशांसह तोच आकडा दिसला तर तो इंजिनाचा स्थैर्यगुण समजण्याआधी अडॅप्टर बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

बॉशने 1986 मध्ये मांडलेली कॅन ही तारव्यवस्था अमेरिकेत 2008 च्या मॉडेलपासून या सॉकेटवर अनिवार्य झाली, आणि सेकंदाला 500 किलोबिट या तिच्या वेगामुळे प्रतीक्षेचा प्रश्न बराच निवळला. आकडे एकामागून एक मागण्याची रीत मात्र बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तीच राहिली. 2015 मध्ये संशोधकांनी जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवल्यानंतर 14 लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या, आणि 2018 पासून फियाट क्रायस्लरने सॉकेट व आतील जाळे यांच्यामध्ये सुरक्षा-द्वार बसवले. तेथे प्रदूषणाशी संबंधित आकडे वाचता येतात, पण दोषसंकेत पुसणे किंवा एखादा भाग चालवून पाहणे परवान्याविना होत नाही, म्हणून आज्ञा नाकारली गेली की केबल तपासण्याआधी हे द्वार आठवावे लागते. कॅलिफोर्नियात 2027 च्या मॉडेलपासून जे-1979-2 हा नवा प्रश्नोत्तर-संकेत बंधनकारक ठरवण्यात आला आहे. जुन्या संकेतावर लिहिलेली नोंद-सॉफ्टवेअर्स अद्ययावत केल्याशिवाय अशा गाडीला जोडली तर सॉकेट तोच, वीज बरोबर, तारा शाबूत, आणि तरीही अपेक्षित उत्तर नाही, अशी स्थिती निर्माण होईल.