परदेशी नोकरीला निघताना : बँकेची कागदपत्रे आधीच लावून ठेवा

परदेशात नोकरी ठरली की व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमानाचे तिकीट यांच्या मागे सगळे घर लागते. बँकेचे काम मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे राहते. हे काम इथे असताना एक-दोन फेऱ्यांत होते, पण तिथे गेल्यावर त्याला महिने लागू शकतात. इथे तुम्ही स्वतः शाखेत जाऊन मूळ कागद दाखवू शकता आणि अधिकाऱ्यासमोर सही करू शकता. परदेशातून तोच कागद पाठवायचा असेल, तर तो आधी अधिकृत व्यक्तीकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

निघणाऱ्याने दोन खात्यांचा विचार करायचा असतो. एक भारतातले, ज्यातून घरखर्च आणि कर्जाचे हप्ते जातात. दुसरे परदेशातले, ज्यात पगार जमा होणार. इथे आपण संयुक्त अरब अमिरातीचे, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या भागाचे उदाहरण घेऊ. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत आणि आपल्या कोकणातूनही अनेक जण कामासाठी तिकडे जातात.

बँक तीनच प्रश्न विचारते

बँक कोणत्याही देशातली असो, तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. तुम्ही कोण? तुम्ही कुठे राहता? तुमचा पैसा कुठून येणार? बँक मागते तो जवळजवळ प्रत्येक कागद यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर असतो. पासपोर्ट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. व्हिसा, निवासी परवाना, भाडेकरार किंवा वीजबिल दुसऱ्याचे देते. नोकरीचे करारपत्र आणि पगाराचा दाखला तिसऱ्याचे देतात. हे तीन प्रश्न लक्षात ठेवले की कागदांची यादी पाठ करावी लागत नाही.

आधी नाव आणि सही जुळवा

खाते अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे नावातला फरक. पासपोर्टवर वडिलांचे नाव पूर्ण असते आणि पॅन कार्डवर फक्त आद्याक्षर. आधारवर सुनीताच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’ असतात आणि बँकेच्या पासबुकात ‘आय’. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे असे होते. दक्षिणेत अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो.

परदेशात तुमची ओळख पासपोर्टवरूनच होते. म्हणून पासपोर्टवरील नाव प्रमाण धरा आणि आधार, पॅन व बँक यांच्या नोंदी त्याच्याशी जुळवून घ्या. पासपोर्टवरचेच नाव चुकीचे असेल, तर व्हिसाचा अर्ज करण्याआधी ते दुरुस्त करा. व्हिसा मिळाल्यानंतर ही दुरुस्ती फार महागात पडते.

सहीचेही तसेच आहे. अनेकांची बँकेतली सही मराठीत किंवा हिंदीत असते आणि पासपोर्टवरची इंग्रजीत. पुढे परदेशातून पाठवलेला अर्ज ‘सही जुळत नाही’ एवढ्या कारणावरून परत येऊ शकतो. निघण्यापूर्वी शाखेत जाऊन सहीचा नमुना पासपोर्टप्रमाणे करून घ्या.

भारतातले खाते : निघाल्या दिवसापासून नियम बदलतो

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, असे मानतो की नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती निघाल्यापासूनच अनिवासी होते. १८२ दिवस पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. दिवसांचा हिशेब प्राप्तिकरासाठी असतो. या दोन कायद्यांची गल्लत केल्यामुळे बरेच जण वर्षानुवर्षे जुने साधे बचत खातेच चालवत राहतात. अनिवासी झाल्यावर असे खाते चालवणे नियमांत बसत नाही. बँकेला कळवण्याची जबाबदारी खातेदाराची असते.

तुमच्यासाठी मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात.

एनआरओ खाते. तुमचे सध्याचे बचत खाते याच प्रकारात बदलले जाते. घरभाडे, निवृत्तिवेतन, लाभांश, शेतीचे उत्पन्न असा भारतातला पैसा या खात्यात जमा होतो. व्याजावर कर लागतो आणि बँक तो आधीच कापून घेते.

एनआरई खाते. परदेशात कमावलेला पैसा इथे रुपयांत ठेवता येतो. तुम्ही अनिवासी असेपर्यंत व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. मुद्दल आणि व्याज दोन्ही केव्हाही परदेशी परत नेता येतात. मुदत ठेव मात्र किमान एक वर्षाची असावी लागते.

छोट्या बचतदाराला हा फरक किती पडतो ते पाहा. समजा, तुम्ही दुबईहून पाठवलेले १ लाख रुपये वर्षभराच्या ठेवीत ठेवले आणि ७ टक्के दराने ७,००० रुपये व्याज मिळाले. ठेव एनआरओ खात्यात असेल, तर ३० टक्के कर आणि त्यावरील ४ टक्के उपकर मिळून २,१८४ रुपये कापले जातील. एनआरई खात्यात काहीच कापले जाणार नाही. तुमचे भारतातले एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून एनआरओ खात्यातला कापलेला कर परत मागता येतो. पण कर कापूच नये म्हणून निवासी व्यक्ती बँकेला जो फॉर्म देतात, तो अनिवासींना चालत नाही.

एनआरई खाते उघडण्याचा अर्ज तुम्हीच करायचा असतो. मुखत्यारपत्र असले तरी भाऊ किंवा वडील तुमच्या नावाने ते उघडू शकत नाहीत. काही बँका नोकरीचा व्हिसा आणि करारपत्र पाहून निघण्याआधीच अर्ज घेतात. आपल्या शाखेत तशी सोय आहे का ते विचारा.

खात्याचा प्रकार बदलताना खाते क्रमांकही बदलू शकतो. त्यामुळे कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, एसआयपी अशी जी रक्कम आपोआप कापली जाते, तिची यादी करा आणि नवा क्रमांक सगळीकडे कळवा. चुकलेल्या हप्त्याचा दंड तर भरावा लागतोच, शिवाय पतनोंदही खराब होते.

घरच्यांना पैसे काढता येतील ना?

‘बायकोचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, ती पैसे काढेल’ असे अनेक जण समजतात. पण नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतरच येतो. तुम्ही हयात असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही. एटीएम कार्ड आणि पिन घरी ठेवून जाणे हाही उपाय नव्हे. काही गडबड झाली, तर पिन दुसऱ्याला दिला म्हणून बँक जबाबदारी घेणार नाही.

यासाठी दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे, भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला सहखातेदार करणे. अशा एनआरई खात्यावर पहिला हक्क तुमचाच राहतो, आणि तुम्ही हयात असेपर्यंत नातेवाईक तुमच्या वतीने व्यवहार करू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे, बँकेच्या ठरावीक नमुन्यात अधिकारपत्र देणे. त्यावरून घरचा माणूस इथली देणी भागवू शकतो. दोन्हींसाठी तुम्ही आणि तो माणूस एकाच वेळी शाखेत हजर असलात, तर काम लवकर उरकते. अधिकार ज्याला द्याल तो खात्रीचा असावा आणि किती रकमेपर्यंत व्यवहार करायचा हे लेखी ठरलेले असावे.

परदेशातले खाते : पहिले काही आठवडे

अमिरातीत पोहोचल्यावर लगेच बँक खाते मिळत नाही. आधी वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात, मग निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी हे ओळखपत्र मिळते. बँकेला हे ओळखपत्र, पासपोर्ट, मालकाने दिलेला पगाराचा दाखला, तिथला मोबाइल नंबर आणि राहण्याचा पत्ता लागतो.

पत्त्याची गोष्ट जरा अडचणीची असते. घर भाड्याने घ्यायचे, तर घरमालक पुढच्या तारखांचे चेक मागतो. चेकसाठी खाते लागते आणि खात्यासाठी पत्ता. नव्या माणसाला यातून सोडवते ते मालकाचे पत्र. म्हणून राहण्याची सोय कंपनी करणार आहे का, आणि बँकेसाठी पत्र देणार आहे का, हे करारपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्या.

अमिरातीत २००९ पासून वेतन संरक्षण पद्धत आहे. तिच्यानुसार खासगी कंपन्यांनी पगार बँकेतून किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंज हाऊसमार्फत द्यायचा असतो आणि त्याची नोंद सरकारकडे जाते. कमी पगाराच्या कामगारांना खात्याऐवजी पगार कार्ड मिळते. पगार रोखीने घ्या असे कोणी म्हणाले तर सावध व्हा, कारण पुढे वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा उरत नाही. अनेक बँका किमान पगाराची किंवा किमान शिलकीची अट घालतात आणि शिल्लक कमी पडली की शुल्क लावतात. सही करण्याआधी तेही विचारा.

हाती पगार येईपर्यंतचा खर्च तुम्हाला इथूनच न्यावा लागेल. अमिरातीसारख्या देशात जाताना परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरइतक्या किमतीपर्यंत नेता येतात. जास्त लागले तर फॉरेक्स कार्ड घ्या. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंत जवळ ठेवता येते. चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपा.

देश बदलला तर कागद बदलतात, प्रश्न तेच राहतात. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते आणि बँक पत्त्याचा पुरावा म्हणून तीच नोंदणी पाहते. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्यांना बँकेत देण्यासाठी विद्यापीठाचे पत्र मिळते.

प्रमाणित कागद म्हणजे काय?

परदेशातून भारतातल्या बँकेला कागद पाठवायचा झाला, तर त्याची प्रत प्रमाणित असावी लागते. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, तिथला नोटरी, तिथले न्यायाधीश, भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेचे अधिकृत अधिकारी यांची सही-शिक्का रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चालतो. त्यासाठी रजा काढावी लागते आणि शुल्कही पडते.

पदवी किंवा विवाहाचा दाखला तिकडे वापरायचा असेल तर ते काम इथूनच करून न्या. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. ओमान आणि सौदी अरेबियासारख्या सदस्य देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. अमिरातीसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचेही प्रमाणीकरण लागते. मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषेतल्या दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत घ्या.

विसरू नये अशा काही गोष्टी

मोबाइल नंबर : बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. सलग ९० दिवस वापर नसेल, तर सिम बंद होऊन तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. सिम चालू ठेवा किंवा बँकेत परदेशी नंबर नोंदवा. अमिरातीसह काही देशांच्या नंबरवरून एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा आहे. आपली बँक ती देते का ते पाहा.

पीपीएफ : अनिवासी व्यक्तीला नवे खाते उघडता येत नाही. आधीचे खाते १५ वर्षांची मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पण मुदत वाढवता येत नाही.

म्युच्युअल फंड आणि शेअर : इथेही तुमची नोंद अनिवासी म्हणून बदलावी लागते.

जुनी पडून असलेली खाती : दोन वर्षे तुम्ही स्वतः व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. नको असलेली खाती निघण्यापूर्वी बंद करा.

खाते वापरायला देणे : ‘तू चाललास, तुझे खाते वापरू दे, महिन्याला पैसे देतो’ असे कोणी सुचवले तर साफ नकार द्या. फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

निघण्यापूर्वीची फाइल

• पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या प्रती आणि व्हिसाची प्रत
• नोकरीचे करारपत्र
• पॅन आणि आधारच्या प्रती
• भारतातल्या पत्त्याचा पुरावा
• गेल्या सहा महिन्यांचे बँक विवरण, बँकेच्या शिक्क्यासह
• प्रमाणित केलेली शैक्षणिक प्रमाणपत्रे. लागत असल्यास विवाहाचा दाखला
• पासपोर्ट आकाराचे फोटो
• रद्द केलेला चेक
• आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांची यादी

या फाइलचा एक संच सोबत न्या आणि दुसरा घरी विश्वासू माणसाकडे ठेवा. मूळ पासपोर्ट एजंटाच्या हाती सोडू नका. शाखेत दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे ही पोचच तुमचा पुरावा ठरते.

निघण्याच्या तारखेआधी किमान महिनाभर शाखेत पहिली फेरी मारा. नाव किंवा सही जुळत नसल्याचे तेव्हा कळले, तर दुरुस्तीला वेळ मिळेल. पहिला पगार घरी पाठवायचा दिवस येईल, तेव्हा तो योग्य खात्यात पोहोचेल आणि घरच्यांना वेळेवर काढता येईल.