नौकेवरून किनाऱ्याला हाक

भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी उलटली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. किनाऱ्यावर वार्ता पोचली ती काही तासांनी, पोहत सुटलेल्यांच्या तोंडून! रेवस-बोडणीच्या मच्छीमार बांधवांना या दिरंगाईचा अर्थ समजावून सांगावयास नको.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तथापि किनारा दूर राहिला की मनोऱ्यांची कक्षा संपते आणि उपग्रहावाचून गत्यंतर उरत नाही. मोठ्या जहाजांसाठी बनलेली उपकरणे लहान नौकेला परवडणारी नसतात. अशा वेळी गरज पाहून यंत्र घडवावे लागते. त्यात विद्युतमंडलाइतकेच महत्त्व ते चालविणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे सॉफ्टवेअरला असते.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेचा संकटसूचक प्रक्षेपक २०१० पासून वापरात आहे. कळ दाबताच नौकेचे स्थान उपग्रहामार्फत बंगळूरच्या केंद्राकडे व तेथून सागरी बचाव केंद्राकडे जाते. पण हाक पोचली की नाही, हे नौकेवरील तांडेलास कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच परत मिळण्याची सोय झाली. ही सुधारणा दिसते तितकी साधी नव्हे. उत्तर ऐकण्यासाठी ग्राहकयंत्र जागे ठेवावे तर बॅटरी उतरते. ते केव्हा निजवावे, केव्हा उठवावे, हे आज्ञावलीनेच ठरवावयाचे असते. संदेश वाचण्यासाठी ब्लूटूथने मच्छीमाराचाच मोबाईल जोडण्याची योजना आहे. त्यावर तो आपल्या भाषेत दिसतो. आमच्या मते यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. मग पेटी उरते. तिची कळ ओल्या हाताने दाबता यावी, पण जाळे ओढताना धक्का लागून दबू नये. खाऱ्या हवेने जोड गंजू नयेत.

दि. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौका-संपर्क योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख नौकांवर देशी बनावटीचे, दुतर्फा संपर्क साधणारे ट्रान्सपाँडर विनामूल्य बसविण्याची ही योजना होय. यंत्र बसविले तरी त्याची निगा राखावीच लागते. पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. डागडुजीबरोबर बॅटरी व जोडण्याही तेव्हाच तपासून घ्याव्यात.