गिटार कोणाच्या हातची?

लॉइड लोअर हा गृहस्थ गिब्सन कंपनीत जेमतेम पाच-साडेपाच वर्षं होता, १९१९ ते १९२४. ध्वनिशास्त्राची उत्तम जाण असलेला आणि स्वतः मँडोलिन वाजवणारा. एल-५ ही गिटार आणि एफ-५ हे मँडोलिन १९२२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली तयार झालं. या उंची वाद्यांच्या पोटात एक चिठ्ठी चिकटवलेली असे. वाद्य तपासून, जुळवून, वाजवून पसंत केल्याची ग्वाही आणि खाली लोअरची सही. आज अशी सही असलेलं मँडोलिन लाख डॉलरच्याही पुढे विकलं जातं, आणि सही खोडलेली किंवा चिठ्ठी गहाळ झालेली असेल तर किंमत पडते. ही सही तपासणाऱ्याची आहे. ज्यांनी लाकूड कोरलं, कड चढवली, नेक बसवली, लॅकरचे हात दिले, त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या चिठ्ठीवर नाही. गिटारच्या धंद्यात श्रेय कसं वाटलं जातं, ते या चिठ्ठीत पुरतं दिसतं. संस्थापकाचं नाव असतं, आराखडा करणाऱ्याचं असतं, वाजवणाऱ्याचं असतं, झाडाचं आणि जंगलाचंसुद्धा असतं. कामगार मात्र कुठे नसतो. माझं म्हणणं असं की हा निव्वळ अन्याय नाही, ती गिटारविषयीची चुकीची समजूतही आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या गिटारचा दर्जा कामगाराच्या निर्णयावर, आणि तो निर्णय घ्यायची त्याला किती मोकळीक आहे यावर ठरतो. गेल्या शंभर वर्षांतला या धंद्याचा इतिहास नीट वाचला तर पुरावा याच बाजूने पडतो.

आधी काम काय असतं ते पाहू. अकूस्टिक गिटारची पुढची फळी साधारणपणे स्प्रूसची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. सहा पोलादी तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण तिच्यावर कायम असतो. तो पेलता यावा म्हणून आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात, मुख्य दोन पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून जातात. फळी जाड राहिली, पट्ट्या बोजड राहिल्या, तर वाद्य वर्षानुवर्षं टिकतं पण बोलत नाही. फार तासली तर सुरुवातीला छान घुमतं आणि काही वर्षांत पोट फुगून तारा वर उचलल्या जातात. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे आणि ती नकाशावर आखून देता येत नाही, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्यांचा ताठपणाही सारखा नसतो. म्हणून पटाशीने पट्टी उतरवणारा कामगार मधूनच फळी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवून बघतो, बोटाने ठोकून ऐकतो आणि अजून एक हात मारायचा की थांबायचं ते ठरवतो. दिवसभरात असे निर्णय कितीतरी वेळा घ्यावे लागतात. शिवाय हे सगळं शिसवीच्या भुशात आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या वासात. शिसवीचा भुसा अनेकांच्या अंगावर चट्टे उठवतो, काहींना दमा लावतो. शिंपल्याची नक्षी कापतानाची पूड फुप्फुसाला त्याहून वाईट. गिटार घडवणं म्हणजे संगीताच्या सान्निध्यातली रम्य नोकरी, ही कल्पना वाजवणाऱ्यांची आहे.

आता कॅलमझू. मिशिगन राज्यातल्या या गावी १९०२ मध्ये गिब्सन कंपनी स्थापन झाली आणि १९१७ पासून तिचा कारखाना पार्सन्स स्ट्रीटवर होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, पुरुष सैन्यात गेले. १९४२ मध्ये सरकारी युद्ध-उत्पादन मंडळाने वाद्यांत धातू वापरण्यावर कडक मर्यादा घातली. कारखान्याचा बराच भाग लष्करी कामाला लागला. कंपनीच्या प्रचलित इतिहासात पुढची गोष्ट अशी सांगितली जाई की युद्धकाळात गिटारचं उत्पादन जवळजवळ बंदच होतं. प्रत्यक्षात जे-४५ हे मॉडेल, ज्याची मूळ किंमतच ४५ डॉलर होती, बाजारात आलं १९४२ मध्ये. त्या काळातल्या गिटारींच्या डोक्यावर ब्रीदवाक्याची सोनेरी पट्टी असे, म्हणून संग्राहक त्यांना ‘बॅनर’ गिब्सन म्हणतात आणि मोठी किंमत मोजून घेतात. बंद कारखान्यातून ही वाद्यं आली कुठून, असा प्रश्न खरं तर कुणालाही पडायला हवा होता. तो पडला जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाला. कारखान्यासमोर काढलेला एक फोटो त्याच्या पाहण्यात आला, आणि त्या फोटोत सत्तर-पंचाहत्तर बायका ओळीने उभ्या-बसलेल्या होत्या. त्याने त्यांतल्या हयात असलेल्या बायका शोधून काढल्या, त्यांच्याशी बोलला, माल पाठवल्याच्या वह्या तपासल्या. वह्यांनुसार युद्धकाळात कंपनीने जवळपास २५,००० वाद्यं रवाना केली होती. ‘कॅलमझू गॅल्स’ हे त्याचं पुस्तक याच शोधाचं आहे.

कंपनीने हे का लपवलं असावं, याचं उत्तर अवघड नाही. पिढीजात कारागीर हीच जिची जाहिरात, ती कंपनी सुतारकामाचा अनुभव नसलेल्या मुलींनी वाद्यं घडवली असं सांगायला धजणार नव्हती. थॉमसने पुढे जाऊन वेगवेगळ्या काळातल्या गिब्सन गिटारींचे क्ष-किरण फोटो काढून तुलना केली आणि युद्धकाळातल्या वाद्यांची फळी व पट्ट्या अधिक निगुतीने, किंचित पातळ घासल्याचं त्याला आढळलं. इथे जरा सांभाळून पाऊल टाकायला हवं. बाईचा हात मुळातच हळुवार, म्हणून गिटार गोड, हा निष्कर्ष अनेकांनी उत्साहाने काढला. मला तो मान्य नाही. धातूटंचाईमुळे काही गिटारींच्या नेकला ताठ ठेवणारा पोलादी ट्रस रॉडच गाळला होता, म्हणजे घडणीचा तोल बदललेला होता. ऐंशी वर्षं वाळलेल्या लाकडाचा वाटाही आहेच. शिवाय हळुवारपणाचं श्रेय देताना कसबाचं श्रेय काढून घेण्याची जुनी खोड त्यात आहे. या पुराव्यातून निश्चित निघतं ते एवढंच, पण ते पुरेसं मोठं आहे. अनुभव नसलेल्या माणसांना नीट शिकवलं, तर ती थोड्याच काळात असं काम करतात की पुढच्या पिढ्या त्याला नमुना मानतात. कसब रक्तातून येत नाही. आणि ज्यांनी ते मिळवलं त्यांचं नाव कंपनीच्या स्मरणात राहीलच असं नाही. युद्ध संपून पुरुष परतले तशी त्यांतल्या अनेकींची कामं गेली.

कॅलिफोर्नियात फुलरटनला लिओ फेंडरने जे केलं ते वरकरणी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं. रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः गिटार वाजवत नव्हता. त्याने गिटारचे सुटे भाग केले. सपाट लाकडाची बॉडी, वेगळी घडवलेली नेक, चार स्क्रूंनी एकमेकांना जोडलेली. सरस नको, कोरीव सांधा नको. थोडं प्रशिक्षण घेतलेला कामगार पटापट जोडू शकेल असा हा आराखडा होता. मग इथे आराखडाच सर्व काही, कामगार बदलला तरी फरक पडू नये. पण जुन्या फेंडर गिटारी उघडणाऱ्यांना आत काय सापडतं? नेकच्या टोकाला पेन्सिलने टाडिओ गोमेझ या कामगाराची टी. जी. ही आद्याक्षरं, बॉडीच्या खाचेत चिकटपट्टीच्या तुकड्यावर मेरी, ग्लोरिया अशी नावं. काम कुणी केलं याची ही कारखान्यातली साधी नोंद, बाहेरच्या कुणी वाचावी म्हणून नव्हे. या नावांत मेक्सिकन वंशाचे अनेक जण होते. पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागावर, तार गुंडाळण्याचं काम बायका करत. तार केसाहून बारीक, एका पिकअपला सुमारे ८,००० वेढे. यंत्र रीळ फिरवतं, पण तार बोटांच्या चिमटीतून जाते आणि चिमूट डावी-उजवीकडे सरकवत वेढे पसरायचे असतात. घट्ट धरली तर तार तुटते, सैल सोडली तर गुंडाळी ढिली पडते आणि पिकअप शिट्टीसारखा ओरडू लागतो. वेढे किती आणि कसे पडले यावर आवाज बदलतो. अबिगेल इबारा १९५६ मध्ये हे काम करू लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. उत्तरार्धात तिच्या सहीचे पिकअप कंपनीने खास म्हणून, चढ्या किमतीला विकले. पन्नास वर्षांनी का होईना, कंपनीनेच कबूल केलं की ८,००० वेढे म्हणजे सगळं काही नव्हे, ते कुणी घातले यालाही अर्थ असतो.

इथे एक खरा, वजनदार आक्षेप येतो. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलरला विकत घेतली, आणि त्यानंतर हळूहळू दर्जा घसरला हे वादकांमध्ये सर्वमान्य आहे. पण अनेक कामगार तर तेच होते, इबारासुद्धा तिथेच होती. हात तेच असताना गिटार बिघडली, मग हातांचं एवढं माहात्म्य का? या आक्षेपानेच माझं म्हणणं नेमकं होतं. सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची नेक हलते, म्हणून सगळा दोष १९७१ नंतर चाराऐवजी लावलेल्या तीन स्क्रूंना दिला जातो. स्क्रू तीन असूनही नेक घट्ट बसू शकते, मात्र बॉडीतली खाच नेमकी कापलेली हवी. ती सैल कापली जात होती, आणि सैल कापलेली बॉडी बाजूला काढण्याऐवजी पुढे सरकत होती. कामगाराला खाच सैल आहे हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. नगांची संख्या वाढवायची होती आणि काम थांबवायला परवानगी नव्हती. कसबी हात असून भागत नाही, ‘हा नग नको’ म्हणायचा अधिकार त्या हाताला लागतो. तो काढून घेतला की वर्षानुवर्षांचं कसब वाया जातं, आणि वहीत त्याची नोंद ‘उत्पादन वाढलं’ अशी होते.

गिब्सननेही हेच केलं. १९७४ मध्ये नॅशव्हिलला मोठ्या उत्पादनासाठी नवा कारखाना उघडला आणि १९८४ मध्ये कॅलमझू बंद केला. नॅशव्हिलला जायला तयार नसलेल्या काही जुन्या माणसांनी १९८५ मध्ये पार्सन्स स्ट्रीटच्या त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी घडवायला सुरुवात केली. नाममुद्रा एका गावी, हात दुसऱ्या गावी. बाजारभाव अर्थातच नाममुद्रेला मिळाला.

यंत्राचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. कॅलिफोर्नियातल्याच टेलर कंपनीने नव्वदच्या दशकाच्या तोंडावर संगणकाने चालणारी कापणीयंत्रं आणली. नेकचा सांधा त्यामुळे इतका अचूक झाला की जुन्या हातसांध्यांना तशी अचूकता क्वचितच साधत असेल. हे चांगलंच झालं. जिथे माप ठरवता येतं तिथे यंत्र हवं. त्याने माणसाची बोटंही वाचतात. पण लाकूड निवडणं, कडेची वाकवणी, फ्रेट घासून समपातळीत आणणं, तारा चढवून वाद्य वाजतं करणं ही कामं अजून माणसंच करतात.

लाकडाच्या बाबतीत भारताचा संबंध थेट येतो. ब्राझीलने आपल्या शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिन ही जुनी अमेरिकी कंपनी भारतीय शिसवीकडे वळली, मग इतरही वळले. आपल्या पश्चिम घाटात वाढणारं हे झाड जगभरच्या गिटारींच्या पाठीवर आणि फ्रेटबोर्डवर आहे. २०११ मध्ये अमेरिकी वन्यजीव खात्याने गिब्सनवर छापा घातला, त्यात भारतातून आलेल्या शिसवी आणि अबनूसाच्या पट्ट्या जप्त झाल्या. प्रश्न होता, त्या पट्ट्या नुसतं कापलेलं लाकूड की तयार माल? भारतीय निर्यात नियमांत फरक तिथेच पडतो. म्हणजे लाकूड परदेशी जाण्याआधी इथल्या कामगाराचा हात त्यावर किती फिरला, हाच कळीचा मुद्दा. २०१२ मध्ये मादागास्करच्या अबनूसाबद्दल कंपनीने तीन लाख डॉलर दंड मान्य केला आणि भारतीय मालाचं प्रकरण सरकारने पुढे रेटलं नाही. त्या सगळ्या गदारोळात जंगल, कायदा आणि राजकारण यांवर खूप लिहिलं गेलं. लाकडावर काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख झाला तो निर्यात नियमातली एक अट म्हणून.

दक्षिण कोरियात ही गोष्ट सर्वात उघडी पडली. कॉर्ट कंपनी स्वतःच्या नावाने आणि अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटारी बनवत असे. २००७ पासून इंचॉन आणि देजॉन इथल्या कारखान्यांतल्या कामगारांना काढून टाकण्यात आलं. तोवर उत्पादन इंडोनेशिया आणि चीनकडे सरकलेलं होतं. कामगारांच्या सांगण्यानुसार कारखान्याला खिडक्याच नव्हत्या, बाहेर बघण्यात वेळ जाऊ नये म्हणून. आंदोलन बारा वर्षं चाललं, ४,४६४ दिवस. कामगार फ्रँकफर्टच्या संगीत मेळ्यात गेले, अमेरिकेतल्या वाद्यमेळ्यात गेले. टॉम मोरेलोसारखा गिटारवादक त्यांच्या बाजूने उभा राहिला. आयुष्यभर गिटारी घडवलेल्या या माणसांनी आंदोलनात बसल्या बसल्या वाजवायला शिकून बँडही काढला. सर्वोच्च न्यायालयात ते हरले: पुढे येऊ शकणाऱ्या आर्थिक अडचणीसाठी कपात वैध ठरली. एप्रिल २०१९ मध्ये समझोता झाला. शेवटपर्यंत लढलेले तिघे मेमध्ये कागदोपत्री कामावर परतले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले.

कंपनीची बाजू मांडणारे म्हणतील की इंडोनेशियातल्या गिटारी चांगल्या निघतात, स्वस्त पडतात आणि त्यामुळे गरीब घरातल्या मुलाच्या हाती वाद्य येतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इंडोनेशियातल्या कामगाराचं कसब मी कमी लेखत नाही. कॅलमझूच्या मुली जसं शिकल्या तसंच तेही शिकले. प्रश्न असा की दर वीस-तीस वर्षांनी तयार झालेली माणसं टाकून नवी शिकवायची, हा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? आजवर तो कामगाराच्या खात्यावर पडत आला आहे. याला उत्तर शोधणारा एक प्रयोग सध्या चालू आहे. टेलरच्या दोन्ही संस्थापकांनी २०२१ मध्ये कंपनी पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची केली. शेअर ट्रस्टकडे, लाभ कर्मचाऱ्यांना. कारखाना हलवायची वेळ आली तर हलवणारा आणि हलवला जाणारा, दोघे निदान हिशेबात तरी एकाच बाजूला असतील. पण नफ्यात वाटा असणं आणि सैल खाच दिसल्यावर काम थांबवायचा अधिकार असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कागदावर आली आहे. दुसरी आली की नाही, ते येत्या काही वर्षांत तिथल्या गिटारींच्या सांध्यांवरून तपासता येईल.